प्लाय ठोकू नका, वेत पुन्हा विणता येतो

«ताई, आमच्या रत्नागिरीच्या घरात आजेसासऱ्यांच्या वेळची वेताची खुर्ची आहे. चांगले रुंद हात, किंचित मागे कललेली पाठ, काळपट जड लाकूड. सगळे शिसवी म्हणतात. सासरे हयात होते तोवर तेच तिच्यावर बसायचे. त्यावर सासूबाईंनी सोलापुरी चादरीच्या लाल-काळ्या नक्षीच्या दोन गाद्या स्वतः शिवल्यात, एक बसायला आणि एक पाठीला. आता बैठकीचा वेत मधोमध तुटलाय, पाठीचा नुसता सैल पडलाय आणि एक हात हलतो. दिवाळीनंतर आम्ही पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला जातोय. सुतार म्हणतो, प्लाय ठोकून वर फोम बसवतो, एका दिवसाचं काम. मुलगा म्हणतो, अँटिक आहे, ऑनलाइन विकू. दीर अमेरिकेत असतात, ते म्हणतात मला पाठवा, खर्च मी देतो. यजमान म्हणतात, तुम्ही ठरवाल ते. सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्या काहीच बोलत नाहीत. काय करू?»
— एक वाचक, रत्नागिरी

ताई, सप्रेम नमस्कार.

पहिल्यांदा सुताराला फोन करून थांबायला सांगा. बाकीचं सावकाश ठरवता येईल, पण एकदा प्लाय ठोकला की ते काम परत फिरवणं फार अवघड होतं. का, ते तुम्हाला स्वतःलाच बघता येईल. खुर्ची एखाद्या जुन्या गोधडीवर उलटी ठेवा आणि बैठकीच्या चौकटीची खालची बाजू बघा. चौकटीभर ओळीनं आरपार भोकं असतील आणि भोकाभोकातून वेताच्या पट्ट्या खाली येऊन गाठी मारलेल्या असतील, तर तुमची खुर्ची हातानं विणलेली आहे. भोकं नसतील आणि चौकटीच्या वरच्या बाजूनं एक खाच फिरलेली असेल, तर तिच्यात तयार जाळीचा तुकडा बसवून वरून वेताची काडी दाबलेली असते. इतक्या जुन्या खुर्चीला भोकंच असण्याची शक्यता जास्त. ही भोकं म्हणजे त्या खुर्चीचा जीव आहे. प्लायचे खिळे नेमके त्याच पट्टीत जातात. जुनं, सुकलेलं कठीण लाकूड भोकाला लागून चिरतं, आणि एकदा भोकं फुटली की पुढे कितीही चांगला विणकर आणला तरी त्याला वेत ताणायला आधार उरत नाही.

वेत तुटला म्हणजे खुर्ची संपली असं आपल्या मनात का बसलंय, मला कळत नाही. वेत हा या खुर्चीचा बदलायचाच भाग. रोजच्या वापरात नीट विणलेली बैठक वीस-पंचवीस वर्षं जाते, मग ती काढून नवी विणतात. आजेसासऱ्यांपासून आजवर तुमच्या खुर्चीचा वेतही बदलला गेलाच असणार. म्हणून नवा वेत घातला तर खुर्चीचं जुनेपण जाईल, ही भीती मनातून काढून टाका. जपायची आहे ती चौकट, तिचे सांधे आणि लाकडावर इतक्या वर्षांत आलेला रंग.

वेत म्हणजे ताडाच्या कुळातला काटेरी वेल. आपल्या सह्याद्रीच्या ओल्या रानात असतो, आसामात आणि अंदमानात असतो, आणि जगभरात जातो तो मुख्यतः इंडोनेशियाचा. बांबू पोकळ असतो, वेत भरीव. त्याची वरची चकचकीत साल सोलून ज्या लांब पट्ट्या निघतात त्यांनी खुर्च्या विणतात. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून हा वेत युरोपात पोचला आणि तिकडच्या दिवाणखान्यांत वेताच्या खुर्च्या दिसू लागल्या. आपल्याकडे तर हवाच अशी की गादी शिवून पक्की केलेल्या खुर्चीत घाम मुरायचा आणि ढेकूण राहायला यायचे. वेताच्या जाळीतून वारा खेळतो. कचेऱ्या, कोर्टं, रेल्वेची वेटिंग रूम, डॉक्टरांचे दवाखाने, सगळीकडे ह्याच खुर्च्या होत्या त्या त्यामुळे. आणि तुमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत फोम घालून त्या वाटा बंद करणं म्हणजे एका पावसाळ्यात बुरशीला बोलावणं.

आता पाठीचं. ती तुटलेली नाही, सैल पडली आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग ती न विणताच ताणली जाण्याची बरीच आशा आहे. वेत पाणी पिऊन फुगतो आणि सुकताना आक्रसतो. जुना सुती पंचा कोमट पाण्यात बुडवून पिळा आणि पाठीच्या मागच्या बाजूनं लावून ठेवा. पुढची बाजू गुळगुळीत असते, तिच्यातून पाणी शिरत नाही. मागची खरखरीत बाजू ते घेते. अर्धा तास ठेवा, पंचा वाळायला लागला तर पुन्हा ओला करा, लाकडाला पाणी लागेल तिथे लगेच पुसा. मग खुर्ची सावलीत, वाऱ्याला रात्रभर ठेवून द्या. उन्हात नको, उन्हात वेत घाईनं सुकून तडकतो. दुसऱ्या दिवशी अंगठ्यानं दाबून बघा. जाळी ताठ लागली तर पाठीचा खर्च वाचला.

बैठक मात्र नवीनच विणावी लागेल. तुटलेल्या चार पट्ट्या जोडून दे असं विणकराला सांगू नका. बाजूचा वेत तितकाच म्हातारा असतो, नव्या पट्टीचा ताण त्याला सोसत नाही आणि महिन्याभरात शेजारची पट्टी जाते.

विणकाम कसं असतं ते थोडं सांगते, म्हणजे काम करणाऱ्याचा हात तुम्हाला ओळखता येईल. आधी मागून पुढे उभ्या पट्ट्या येतात, त्यांच्यावर आडव्या, मग पुन्हा उभ्या, मग पुन्हा आडव्या. ह्या शेवटच्या आडव्या पट्ट्या मात्र उभ्यांच्या खालीवर करत गुंफत न्यायच्या. इथवर नुसते चौकोन दिसतात. मग दोन्ही दिशांनी तिरप्या पट्ट्या जातात आणि चौकोनांची ती आठ कोनांची ओळखीची जाळी होते. सगळ्यात शेवटी भोकांवरून एक रुंद पट्टी कडेनं फिरवून टाके घालतात. खरी परीक्षा तिरप्या पट्ट्यांची. त्या बरोबर बाजूनं खालीवर गेल्या तर उभ्या-आडव्या जोड्यांच्या कोपऱ्यात अलगद बसतात. चुकीच्या बाजूनं गेल्या तर कडेवर अडकतात, बसणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीला घासतात आणि दोन-तीन वर्षांत तिथेच तुटतात. विणकराला आधी केलेली एखादी खुर्ची दाखवायला सांगा आणि तिरप्या पट्टीवरून बोट फिरवा. पट्टी सरळ रेषेत जात असेल, कुठे वाकून उचललेली नसेल, तर माणूस जाणकार आहे.

पट्टीची जाडी भोकांवरून ठरते. एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अर्धा इंच भरलं तर साधारण सव्वादोन मिलिमीटरची पट्टी लागते. पाऊण इंच भरलं तर तीनची. जाड पट्टी जास्त टिकेल म्हणून बारीक भोकांत कोंबून घेऊ नका, शेवटच्या तिरप्या पट्ट्यांना जागाच राहत नाही. आणि प्लास्टिकची तार कुणी कितीही गळी उतरवली तरी घेऊ नका. ती ताणली की ताणलेलीच राहते, ओली करून आक्रसत नाही, आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते. नवा वेत फिका, गवताच्या रंगाचा दिसेल, जुन्या पाठीपुढे तो डोळ्यांत भरेल. त्याला रंग लावायला सांगू नका. उजेडानं आणि हातानं तो आपोआप मधाच्या रंगावर येतो.

विणकर कुठे मिळेल, हा प्रश्न येणारच. पुण्यात जुन्या फर्निचरचे दुकानदार आणि बुरूड आळीतली माणसं पत्ता देतात. आणखी एक वाट आवर्जून सांगते. हे काम डोळ्यांपेक्षा बोटांचं आहे. आपल्याकडे अंधशाळांतून खुर्च्या विणणं शिकवत, आणि सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत खुर्च्या विणायच्या कामावर दृष्टिहीन माणसं घेतली जात. आधी प्लास्टिकची तार आली, मग फिरत्या खुर्च्या आल्या, आणि ते काम आटत गेलं. पुण्या-मुंबईतल्या अंधांच्या संस्थांकडे फोन करून विचारा. असं काम करणारं कुणी भेटलं तर त्यांनाच द्या. भोकांच्या ओळीवर बोटं ठेवून ताण जोखणारा हात एकदा बघितला की घाईघाईनं ठोकलेल्या प्लायचा विचारही तुमच्या मनात येणार नाही.

हे सगळं रत्नागिरीत करून मग खुर्ची न्यायची की पुण्यात गेल्यावर? मी म्हणेन, पुण्यात. कोकणातल्या दमट हवेत इतकी वर्षं राहिलेलं लाकूड पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात थोडं आक्रसेल आणि सांधे आणखी ढिले होतील. आधी विणून घेतलं आणि मग चौकट हलली तर नव्या वेताचा ताण बिघडतो. म्हणून जशी आहे तशी न्या, महिना-दीड महिना घरात राहू द्या, मग सांधे, मग किडीचं बघणं, मग पॉलिश, आणि वेत सगळ्यात शेवटी. पॉलिशचा हात आणि औषधाचे डाग नव्या वेतावर पडले की निघत नाहीत, म्हणून हाच क्रम.

टेम्पोत घालताना गोधड्यांत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, आत पाणी सुटतं. बैठकीवर काही ठेवू देऊ नका. हमाल मंडळींना वेताची जाळी म्हणजे खोके ठेवायची जागा वाटते. आणि उचलायची ती बैठकीच्या चौकटीला धरून. तुमचा एक हात हलतो, तो बहुधा वर्षानुवर्षं हातांना धरून उचलल्यामुळेच.

त्या हलणाऱ्या हाताकडे नीट लक्ष द्या. जुन्या सुतारांनी सांधे सरसानं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदानं, आणि लाकडी खुंट्यांनी जोडलेले असतात. सरस वाळून भुकटी होते, पण कोमट पाण्यानं सुटतो, म्हणजे सांधा न फोडता उघडून, साफ करून पुन्हा जोडता येतो. सुतार सरसच वापरेल असं बघा. पांढरा गोंद भरला तर तो सांधा पुढच्या वेळी उघडणार नाही, तुटेल. स्क्रू नको, लोखंडी पट्टी नको. तुमच्या सुतारावर माझा राग नाही. एका दिवसात काम उरकून द्या असंच त्याला बहुतेक गिऱ्हाईकं सांगत असतील. त्याला जुनं काम येत असेल आणि हौस असेल तर सांधे त्याच्याकडूनच करून घ्या.

लाकडात मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली आणि खाली पांढरट भुकटी पडत असली तर कीड जिवंत आहे. औषध सुईनं भोकात सोडावं लागेल. भुकटी नसेल तर ती जुनी, संपलेली कीड, तिला काही करायला नको. पॉलिशवाल्याला एकच वाक्य सांगा, «खरवडायचं नाही.» मऊ ओलसर फडक्यानं मळ काढून वरून चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, पातळ हात पुरे. पॉलिश पेपर मारून लाकूड नवं काढलं की शंभर वर्षांचा रंग अर्ध्या तासात भुशात जातो. खुर्ची उलटी केलीच आहे, तर पॉलिश न लागलेली जागाही बघून घ्या. जांभळट तपकिरी लाकडात काळ्या रेघा असतील तर शिसवीच. पिवळसर दिसलं तर सागाला काळं पॉलिश आहे, तसंही पुष्कळ घरांत असतं, आणि सागही उत्तमच लाकूड.

हे बघणं दिरांच्या बाबतीतही उपयोगाचं आहे. त्यांची इच्छा खरी आहे, पण खुर्ची अमेरिकेला पाठवणं सोपं नाही. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या कायद्याखाली ती पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ती पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. लाकूड शिसवी निघालं तर दुसरी अडचण. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाचं सगळं कूळ ‘साइट्स’ या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सूट आहे, पण अशी भरभक्कम खुर्ची दहा किलोत कुठली बसायला! त्यापुढे परवान्यांची कामं. आणि हे सगळं पार पडलं तरी तिकडे हिवाळाभर हीटर चालतात. त्या कोरड्या उबेत वेत ठिसूळ होतो आणि सांधे उघडतात. दिरांना हे जसंच्या तसं कळवा. खर्च करायची त्यांची तयारी आहेच, तर विणकामाचा खर्च त्यांनी करावा असं मोकळेपणानं सुचवा. मला वाटतं त्यांना ते आवडेल. खुर्चीत आपला वाटा असावा इतकंच बऱ्याचदा दूरच्या माणसाला हवं असतं.

मुलाला सांगा की ऑनलाइन दिसते ती विकणाऱ्याची मागणी. ती कुणी दिली का, ते तिथे दिसत नाही. वेत तुटलेल्या, कोरीवकाम नसलेल्या खुर्चीला जुन्या बाजारात व्यापारी फारसं काही देत नाहीत. घरात कुणालाच नको असेल तर विकण्यात मला काही गैर वाटत नाही, पण ते सगळ्यांना विचारून झाल्यावर.

आणि विचारायचं राहिलंय ते सासूबाईंना. गाद्या त्यांनी शिवल्यात. त्यांच्या नवऱ्याची खुर्ची आहे. तुम्ही लिहिता की त्या काहीच बोलत नाहीत. मी विचारते, त्यांना कुणी सरळ विचारलं का? «खुर्चीचं काय करायचं» असं चारचौघांत विचारू नका, त्यावर त्या वयाची बाई «तुम्हाला हवं ते करा» एवढंच म्हणणार. दुपारी दोघीच असाल तेव्हा त्या गाद्या उसवायला म्हणून त्यांच्यापुढे घेऊन बसा आणि विचारा, «आई, पुण्याला ही खुर्ची तुमच्या खोलीत ठेवू का? बसाल त्यावर?» सासरे असेपर्यंत तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे, म्हणजे त्यांना स्वतःला बसायचं असेल आणि तोंडानं म्हणवत नसेल, असंही असेल. नको म्हणाल्या तर तेही मनापासून ऐका.

हो म्हणाल्या तर एक माप घ्या. त्यांची टाच ते गुडघ्यामागची घडी, ही उंची आणि गादीसकट बैठकीची उंची जवळपास सारखी हवी. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. उठताना त्या वयात माणूस सगळा भार खुर्चीच्या हातांवर टाकतो, म्हणून तो हलणारा हात पक्का झाल्याशिवाय त्यांना बसू देऊ नका, एक दिवससुद्धा नाही. हात पक्का झाला आणि विणकर मिळायला उशीर असेल, तर चौकटीच्या कडांवर टेकेल असा प्लाय कापून, खाली फडकं घालून नुसता ठेवा. खिळा एकही नाही. वर गादी. वेत विणून आला की प्लाय काढून टाकायचा.

गाद्या उसवल्यावर आत कापसाच्या गुठळ्या झालेल्या असतील. कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या, कमी पडेल तेवढा नवा घाला. बसायची गादी दोन इंचांहून जाड नको. घट्ट भरलेली, मधेमधे टाके घातलेली असावी, म्हणजे भार पसरतो आणि वेतावर एका जागी ताण येत नाही. अभ्रे धुण्याआधी लाल भागावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. रंग लागला तर गार पाण्यात रिठ्यानं हलक्या हातानं, एकेक वेगळा धुवा आणि सावलीत उलटा वाळवा. कापड विरलं असेल तर फेकू नका, आतून मांजरपाटाचं अस्तर लावून टाके घाला. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी विणलेली असते, रंग तेवढे उलटे. वरची बाजू फारच विटली असेल तर अभ्रा उलटून शिवा, आतली बाजू अजून ताजी निघेल. बांधायला कापडी नाड्या, धातूचे हूक नकोत, ते वेत कापतात. आणि पावसाळ्यात रात्री गादी उचलून ठेवायची सवय लावा.

चौकटीचा खालून फोटो काढा, भोकांमधलं अंतर मोजा आणि मला पाठवा. किती मिलिमीटरची पट्टी आणायची ते सांगते.